आधीचा फोटो

नियम असा, की पुसण्याआधी एक
आणि पुसल्यावर एक.
दोन फोटो, खाली रस्त्याचं नाव, चौरस मीटर,
मग कंत्राटदाराचं बिल मंजूर.
थेसालोनिकीच्या नगरपालिकेत
नऊ वर्षं मी हेच करते आहे.

'नंतर'चे फोटो कुणी उघडून बघत नाही.
सगळे करडे.
पण लाझारोस रंग अंदाजाने कालवतो,
आमटीत मीठ घालावं तसा,
कधी काळा जास्त पडतो, कधी डब्याच्या तळाचा निळा.
म्हणून मला नुसता करडा दाखवा,
मी सांगेन, ही एग्नातियाची मागची गल्ली,
ही दवाखान्याची भिंत,
हे बंदराकडचं गोदाम.

भिंतींना कान असतात म्हणे.
मला तर तोंडच दिसलं आजवर.
भाडं परवडत नाही.
पेत्रोस, घरी ये, कुणी रागावणार नाही.
बालवाडीच्या वळणावर एक निळा ऑक्टोपस,
सात पाय पुरे, आठवा अर्धा;
बहुतेक पोलीस आले असावेत.
आणि कुणाची तरी नुसती सही,
दोनशे ठिकाणी तीच सही.
आपण आहोत याची
इतक्या वेळा खात्री करून घ्यावी लागते माणसाला?

आधी मी समोर ताठ उभी राहून फोटो काढायची.
मग एकदा वार्दारिस सुटला,
उत्तरेचा तो वारा, डोळ्यांत धूळ फेकणारा.
मी आडोशाला सरकले, तिरकी झाले,
आणि ऑक्टोपसच्या डोळ्यावर ऊन आलं.
साहेब म्हणाले, इव्हान्थिया, हे काय?
यात चौरस मीटर दिसत नाहीत.
खरंच दिसत नव्हते.

शटरं आमच्या हद्दीत येत नाहीत, ती खासगी.
मंदीच्या वर्षांत सगळी खाली होती,
त्यांवर पोरांनी रंगवलेले मासे, बायका, अंतराळवीर.
बाजाराच्या अख्ख्या गल्लीत माणूस एक नाही
आणि चित्रं चाळीस.
आता सकाळी आठला शटर वर जातं,
रंगवलेला मासा गुंडाळला जातो,
खाली बर्फावर खरे मासे मांडतात.
चांगले दिवस आले म्हणतात ते हेच.
रविवारी मी माझ्या वेळेत जाते.
रविवार तेवढा उरलाय त्यांना.

गेल्या ऑक्टोबरात, बंद छापखान्याच्या भिंतीवर,
पुरत्या न वाळलेल्या करड्यावर एक ओळ होती:
बाई, उद्या दहानंतर या.
सकाळी इथे सावली असते.

मी मागे वळून पाहिलं.
समोर फक्त न्हावी, तो गिऱ्हाइकाच्या मानेत गुंतलेला.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला गेले.
ओळ नव्हती.
तिच्या जागी एक पाय होता,
निळा, चार मीटर लांब, टोकाला वळलेला,
वाट्यांसारखे गोल गोल चिकटे, एकही न चुकवता.
नुसता पाय. बाकीचं जनावर नाही.
ते पुसून तीन वर्षं झाली,
उरलेले साडेसात पाय
माझ्याच कपाटात आहेत, फाइल क्रमांक चोपन्न.

ऊन बरोबर पडलं होतं.
मी 'आधी'चा फोटो काढला, तिरका.
लाझारोसने रोलर बुडवला, निथळला, उचलला.
मी म्हटलं, थांब, बॅटरी संपली.
त्याने माझ्या हातातल्या उजळ पडद्याकडे पाहिलं,
मग पायाकडे.
रोलर डब्यावर आडवा ठेवून
त्याने सिगारेट पेटवली.
म्हणजे 'नंतर'चा निघायचा नाही आज, म्हणाला.
आज नाही, मी म्हटलं.

रजिस्टरात तो रकाना अजून कोरा आहे.
लेखापरीक्षकाने त्याभोवती
लाल पेनने गोल काढलाय.
बघत बसले थोडा वेळ.
बरा काढलाय.
हाताला वळण आहे त्याच्या.