शाळा सोडल्याचा दाखला

नवे मुख्याध्यापक म्हणाले,
रोकियाबाई, पंचवीस वर्षं झाली,
अंकासाठी इतिहास लिहून द्या. एकच पान. फोटो आम्ही टाकू.
माझ्याकडे फोटो नाहीत. वह्या आहेत.

पहिल्या वहीला अजून भाताचा वास येतो,
कारण गोंबाकच्या त्या भाड्याच्या घरात
ऑफिस म्हणजे स्वयंपाकघर होतं.
अकरा मुलं, सहा देश, एक संडास.
उस्ताझा इख्लास नवऱ्यामागे सुदानहून आलेल्या.
तो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचा,
महिनाअखेरीचा हिशेब मात्र त्यांना जमायचा.
वर कुराण, खाली गणित,
भूगोल जिन्यात, नकाशा तिथंच मावायचा म्हणून.
घंटा नव्हती. मी थाळीवर पळी आपटायचे.

मुलांना एकमेकांचं काही कळत नव्हतं.
सगळ्यांना मिळून पहिला शब्द आला तो आमचा, मोन्येत,
कारण ते माकड रोज कुणाचा तरी डबा पळवायचं.

बूजमआ सर अल्जीरियाचे, नमाजात हात मोकळे सोडायचे,
मागची रांग हात बांधून.
एका पालकानं तक्रार लिहिली.
ती फाइलमध्ये आहे. उत्तर नाही.
ईदेला कुणाच्या देशात चंद्र काल दिसलेला, कुणाच्या आज;
आम्ही सुट्टी दोन दिवस द्यायचो
आणि मुलं तिसऱ्या दिवशी यायची.

मग मुनेवेराबाई आल्या. झेनित्सापलीकडचं कुठलंसं गाव,
ते उरलं होतं की नाही, मी विचारलं नाही.
फळ्यावर सात काढायच्या आणि त्याच्या पोटात आडवी रेघ मारायच्या.
दोन वर्षांत सगळी शाळा साताला रेघ मारू लागली.
अजून मारते. का, ते कुणाला सांगता येत नाही.

जंगलं जळाली त्या साली सूर्य पितळी दिसायचा,
रिंगिट पडला, करार तुटले,
आणि मी एका जूनमध्ये एकोणचाळीस दाखले लिहिले.
सोडण्याचं कारण: वडिलांची बदली.
सोडण्याचं कारण: व्हिसा.
एका मुलीनं, हिबाकनं, माझ्या खांद्यावरून वाचलं
आणि म्हणाली, कारण मी नाही ना, तसं लिहा.
त्या रकान्यात तेवढी जागा नसते.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात.
ही पोरं तर नुसती पाठ घेऊन यायची.

माझा नझमी गटारापलीकडच्या सरकारी शाळेत.
इथल्या नागरिकांना इथं प्रवेश नाही, असा नियम होता,
आणि नियमाची प्रत माझ्याच टेबलावर.
तो दुपारी कुंपणाशी यायचा, गोट्यांचा हिशेब मांडायचा.
एकदा त्याच्या बाईंनी गणिताच्या वहीत लाल शाई ओतली:
हा कसला सात?
मी रात्री ती पानं खोडरबरानं घासत बसले.
का घासली, ते आजही टोचतं.

पुढे नियम गेला, फी आली.
इमारत काचेची झाली, घंटा आपोआप वाजते,
शाळेचं नाव तीनदा बदललं,
माकडं मात्र तीच, किंवा त्यांची नातवंडं.

परवा कॅलगरीहून पत्र आलं, यासिर नावाच्या माणसाचं.
आमच्या शहरातलं दफ्तर जळालं,
मी आठ वर्षांचा असताना कुठंतरी होतो
याचा कागद फक्त तुमच्याकडे असेल.
होता. तिसरी वही, पान एकसष्ट.
अक्षर माझं, तरुण होतं, जरा ऐटदार.
मी नक्कल केली, शिक्का मारला,
तिकिटाचे पैसे शाळेकडं मागितले नाहीत.

मुख्याध्यापकांना पान दिलं.
त्यात अकरा मुलं, सहा देश, एवढंच आलं.
खाली तारीख घातली, सतरा सात सतरा.
तिन्ही सातांना रेघ मारली.
छापून आलं तेव्हा कुणीतरी
त्या चुका दुरुस्त केल्या होत्या.