सूचक, अनुमोदक

आडनाव चिटणीस म्हणून मला चिटणीस केलं असं नाही.
त्यांना अर्थ ठाऊक नाही, मीही सांगितला नाही.
माझं अक्षर बरं, एवढंच कारण.
शिवाय बाकी तिघांना खेळता येतं,
कुणीतरी न खेळणारा हवाच.

बर्नली. बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाचा वरचा मजला,
खिडकीखाली कालवा, भिंतीवर अजून
आठ नंबर, नऊ नंबर, रुंद पाऊल.
उपस्थिती : डेझमंड हारग्रीव्ह्ज, तारिक मिर्झा,
मॉरीन ॲस्पिनॉल आणि प्रस्तुत.
गणपूर्ती झाली. हीटर चालत नाही.

डेझमंडनं चाळीस वर्षं टेबलं बसवली.
तो सांगतो, लाकूड नंतर. आधी दगड.
पाच फरशा, शाळेतल्या पाटीच्याच दगडाच्या.
जोडताना सांध्यावरून नख फिरवायचं,
नख अडलं तर रात्र गेली.
वजन सव्वा टन. मी लिहितो, सव्वा टन,
तुळयांपुढे प्रश्नचिन्ह.
टेबल बारा बाय सहा, पण खोली कितीतरी मोठी लागते,
कारण नेम धरताना माणसाला
मागे सरायला जागा हवी.
(हे इतिवृत्तात कशाला आलं? राहू दे.)

तारिक हिशेब मांडतो.
चाळीस माणसं, महिना बारा पौंड,
चारशे ऐंशी. भाडंसुद्धा सुटत नाही.
चहा विकला तर?
चहा कुणी विकत घेत नाही, मॉरीन म्हणते,
चहा मागतात.

कलम चार : क्लब फक्त सभासदांसाठी.
दाराला आकड्यांचं कुलूप. पैजा लावणारे नकोत,
शनिवारचे झिंगलेले नकोत.
मॉरीन खिडकीकडे बघत बोलते,
जुन्या क्लबात पस्तीस वर्षं सँडविचेस केली मी.
टेबलाच्या अलीकडे जमिनीवर पांढरी रेघ होती,
बायकांनी तिथवर यायचं.
दर ईस्टरला ती नव्यानं रंगवायचं काम
माझ्याच नवऱ्याकडे.
तिचा सगळ्यात मोठा ब्रेक एकशे चार,
क्लब बंद पडायच्या आदल्या सोमवारी,
साक्षीला फक्त सफाईवाला.
कुणी काही बोलत नाही.
कलम चारमधला 'फक्त' मी खोडत नाही,
पण त्यावर पेन थोडा वेळ टेकून राहतं
आणि शाई फुटते.

कलम पाच : नव्या सभासदाला
एक सूचक, एक अनुमोदक, दोघेही सभासद.
मग पहिला कसा घ्यायचा? तारिक विचारतो.
डेझमंड म्हणतो, मी तुझा सूचक.
तुझा कोण? मॉरीन. मॉरीनचा?
बोटं दाखवत दाखवत आम्ही
गोल फिरून पुन्हा दाराबाहेर.

त्र्याहत्तर साली खातं उघडायला
बँकेला हवं होतं मला ओळखणारं माणूस.
गावात येऊन मला अकरा दिवस झालेले.
घरमालकीण मिसेस टॅटरसॉल,
तिनं कोळशाच्या बिलामागे लिहून दिलं :
शुक्रवारी भाडं देतो.
रात्री नऊनंतर फोडणी करत नाही.
दुसरं वाक्य खोटं होतं. तिलाही माहीत होतं,
तिची खोली माझ्या स्टोव्हच्या बरोबर वर.
हे मी सभेत सांगत नाही. विषयपत्रिकेवर नाही.

तेवढ्यात डेझमंड खिशातून लाल चेंडू काढतो,
उघड्या जमिनीवर ठेवतो, हात काढून घेतो.
चेंडू विचार करतो.
मग निघतो, सावकाश, ठाम,
रुंद पावलांच्या मांडणीखालून भिंतीकडे.
टक.
मी लिहितो : उतार कालव्याच्या दिशेनं.

चौघं गुडघ्यांवर. वयांची बेरीज दोनशे ब्याण्णव.
मोबाइलच्या उजेडात सापडतं ते असं :
एक शूहॉर्न, तान्ह्या बाळाचा डावा बूट,
मॉरीनला शिंक.

कलम पाच तहकूब.
चेंडू मिळाला नाही.
पुढची सभा गुरुवारी सात वाजता,
येताना ज्याचा त्यानं टॉर्च आणावा.