नवा ब्राउझर

सातपूरला, दुसरी पाळी सुटताना
बागूल म्हणाला, "हा टाकून बघ, पळतो."
टाकला.
कोरा करकरीत. कुणी चप्पलसुद्धा काढली नाही
अशा उंबऱ्यासारखा.

जुन्याचं सगळं आणू का, विचारलं त्यानं :
खुणा, पासवर्ड, इतिहास.
मी 'नंतर' दाबलं.

मग नुसता 'द' टाइप केला.
जुना लगेच म्हणायचा,
दत्तमंदिर रोड, दोन खोल्या, गॅलरी हवी :
आपली गेल्या उन्हाळ्यातली शोधाशोध.
ह्यानं द्राक्षांचे भाव काढले.
नाशिक, एवढंच कळलेलं त्याला.

पळतो मात्र खरंच.
फक्त वीजबिलाचं पान उघडेना,
गोल गोल फिरत राहिलं.

शेवटी जुन्यात गेलो.
बिल भरलं, दंडासकट.
बोट सवयीनं 'द'वर गेलं.
दोन खोल्या. गॅलरी हवी.