छाट

फक्की मी टाकतो, सकाळी साडेपाचला,
जिमखान्यामागच्या मैदानावर.
दोरी ताणायची, वाकायचं, मागं मागं चालायचं.
एकवीस वर्षांत रेघ एकदाच वाकडी गेली,
त्याचं कारण वेगळं.

मैदान मुरमाचं.
चेंडू इथं सरळ येतच नाही की हो,
खड्याला लागला की थेट नडगीवर.
राजमणी येमूल ह्याच्यावरच शिकली.
बी.ए. दुसरं वर्ष, डावी बाजू,
उडालेला चेंडू काठीवर निजवते
तान्ह्यासारखा.

गुरुवारी सोडत होती.
नवी लीग, आठ संघ, लांबच्या कुठल्या हॉटेलात
काचेचा ड्रम, ड्रमात आठ पांढरे चेंडू.
ज्याचा चेंडू आधी, तो पोरगी आधी उचलणार.
सरांनी दोनदा समजावलं.
मी म्हटलं, म्हणजे भिशीच की.
सर म्हणाले, तसंच काहीसं.
भिशीत सगळ्यांचाच नंबर लागतो कधी ना कधी,
हे मी बोललो नाही.

भोपाळवाल्यांना ती हवी होती.
त्यांचा माणूस फेब्रुवारीत येऊन गेला,
ह्याच कठड्यावर बसला, उसाचा रस प्यायला,
वहीत दोन पानं लिहिली.
त्यांची डावी बाजू रिकामी.
पहिल्या तिनात चेंडू आला की झालं, म्हणाला.

विडी घरकुलात, येमुलांच्या दारात,
सुपाला टेकवून मोबाईल उभा केलेला.
चाळीस माणसं, एक पंखा,
शेजारचा माग बंद ठेवलेला त्या तासापुरता.
नरसम्माचे हात तेवढे चालू :
पान, तंबाखू, वळ, दोरा,
पान, तंबाखू.

ड्रम फिरला.
भोपाळ सातवं आलं.
सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

तिसरा नंबर रांचीचा होता.
रांचीकडं डाव्या बाजूला दोघी आधीच,
दोघी देशाकडनं खेळलेल्या.
तरी त्यांनी राजमणीचं नाव घेतलं,
यादीत वर होतं म्हणून.
समोर आहे तर सोडा कशाला.

मग काय बे, फटाके!
अशोक चौकापर्यंत पोरं नाचत गेली.
अख्ख्या देशातनं तिसरी!
पेढे माझ्याही तोंडात आले, गोड होते,
मी खाल्ले.

नरसम्मानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.
"छाट नाही ना झाली?"
तिला तेवढंच ठाऊक.
कारखान्यात चेकर हजारातनं एक मूठ उचलतो,
न बघता,
ती मूठ चांगली निघाली तर दिवस चांगला,
नाही तर पन्नास-शंभर विड्या बाजूला, मजुरी गेली.
"नाही गं अम्मा, निवडली."
"मग बरं," म्हणाली, आणि दोरा दातात धरला.

करार दोन वर्षांचा. खेळो, न खेळो.
रेल्वेची भरती मॅचेस मोजते,
बाकावर घालवलेल्या संध्याकाळी कोण मोजतंय?
हे सरांना कळलेलं, मला कळलेलं,
आणि पोरगी तर पेढा हातात धरून
नुसतीच बघायलाली मोबाईलकडं,
ड्रम गेला होता, जाहिरात लागली होती
कसल्याशा बनियनची.

दुसऱ्या दिवशी फक्की टाकायला गेलो तर
ती आधीच मैदानात.
एकटी. उजव्या बाजूला.
डावीकडचे पाय उजवीकडं ठेवून बघायलाली,
चेंडू पाच वेळा बाहेर, सहाव्यांदा नडगीवर.
मी म्हटलं, अगं, आज जरा निज की.
म्हणाली, "मामा, रांचीकडं ह्या बाजूला एकच आहे.
गुडघा दुखतो म्हणे तिचा."
म्हणाली आणि लगेच ओशाळली,
जीभ चावली,
दुसऱ्याच्या गुडघ्याचं नाव काढलं म्हणून.

मी काही बोललो नाही.
उजवीकडची रेघ आधी ओढली, नेहमी शेवटी ओढतो ती.
पोतं तळाला आलं होतं,
झटकून झटकून कोपऱ्यापर्यंत नेलं.
डावीकडं त्या दिवशी पुरली नाही.