यंत्राची स्थिती

जिल्हा उद्योग केंद्रात एकतीस वर्षं काढली.
सांगण्यासारखं त्यात फार नाही.
एका बोटाची गोष्ट आहे, तेवढी सांगतो.

जळगावच्या एमआयडीसीत, डाळ मिलच्या मागच्या गल्लीत,
जिथे तुरीच्या टरफलाचा भुसा
भर उन्हात हवेत उभा राहतो, खाली बसत नाही,
तिथे हिरामण बडगुजराची शेड.
अर्ज बायकोच्या नावावर, इंदूबाईच्या.
महिला म्हटलं की अनुदान थोडं वाढतं,
हे तिला पोर्टलनं नाही,
झेरॉक्सवाल्या पोरानं सांगितलं होतं.

तपासणीला गेलो तेव्हा मे महिना, पारा पंचेचाळीस,
पत्रा अंगावर ओकत होता.
आत चटईचा माग
ठक् ठकाक्, ठक् ठकाक्.
सलाईनच्या बाटल्या, फुटक्या बादल्या,
कुणाच्या तरी ओट्यावरची पाय मोडलेली खुर्ची,
सगळं वितळून दाणा झालेलं,
दाण्याची काडी झालेली,
आणि काडीचा आता मोर होत होता,
शेपटीकडून.

"बसा सायब." पण खुर्ची नव्हती.
तिनं मागावरून नुकतीच उतरलेली चटई अंथरली.
मी तीवर मांडी घालून फाईल उघडली.
भाडेकरार, वीजबिल, जातीचा दाखला,
आठ दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र,
पावती सुरतेच्या कुठल्याशा एजन्सीची, करकरीत.
आणि योजनेची अट, जाड अक्षरात:
यंत्र कोरं हवं.

उठलो, मागाला हात लावला.
बोट हिरवं झालं.

कुणी बोललं नाही.
हिरामण भुईकडे बघत राहिला.
बंद पडलेल्या कारखान्यात
हाच माग त्यानं एकोणीस वर्षं चालवला होता.
थकलेल्या पगारापोटी मालकानं
तो त्याच्याच गळ्यात मारला.

मग तीच म्हणाली, माझ्याकडे न बघता,
"रंग नवा शे, भाऊ. माग जुना शे.
पन चालस.
चार बायासनं पोट यानावर चालस."

फॉर्मात दोन चौकटी असतात,
यंत्राची स्थिती: नवीन, जुने.
तिसरी नसते.
मी समासात लिहिलं: चालू.
सही केली, शिक्का मारला, ताक प्यालो.
बोट घरी जाऊन रॉकेलनं पुसलं.
नखाच्या कडेला राहिलंच थोडं.

पंधरा दिवसांनी वरून फाईल परत.
"'चालू' असा पर्याय उपलब्ध नाही.
खुलासा सादर करावा."

खुलासा चार वेळा लिहिला.
पहिल्यात नुसते नियम होते.
दुसऱ्यात एकोणीस वर्षं होती, पगार होता,
मोर आला तसा मी कागद फाडला.
तिसरा आठवत नाही.
त्याच आठवड्यात एका मोठ्या प्रकल्पाचं
प्रोत्साहन मंजूर होऊन आलं.
तिथली यंत्रं मी पाहिली होती:
सगळी कोरी.
दोन वर्षं झाली, वेष्टन काढलेलं नाही.
फोटोत फार सुंदर दिसतात.

चौथा खुलासा गेला.
उत्तर यायच्या आत मीच निवृत्त झालो.

शाल, नारळ, साहेबांचं भाषण.
मागच्या रांगेत इंदूबाई,
बगलेत गुंडाळी, चार बाय सहा, हिरवी किनार.
मी हात मागे घेतला. एकतीस वर्षांची सवय.
ती हसली.
"भेट नही, सायब. इकत ल्या.
बिल आनेल शे."

दोनशे चाळीस रुपये मोजले.
अनुदानाचं काय झालं, मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
रात्री गच्चीवर चटई टाकली,
बिल उलगडून दिव्याखाली धरलं.

क्रमांक: चारशे सतरा.