निधान

हिडकलच्या पाण्यातून वर आले तेव्हा नऊ वाजलेले,
आणि धरणाच्या दगडांवर ऊन
आधीच येऊन बसलेलं.

हँडलवरच्या आकड्याखाली
कल्लाप्पानं चिकटवलेली पट्टी:
एकशे सत्तर. वर एक वॅट नको.
वैशाख आहे, यल्लू, गपचिप जा की.

पाय कुठले ऐकतात.
पायांना सकाळी सगळा हुक्केरी तालुका आपलाच वाटतो.
दोनशे दहा. दोनशे वीस.
निळी जर्सी पुढे गेली, तिच्यामागे आणखी दोन.
दात आवळून आकडा खाली आणला,
दूध वर यायला लागल्यावर
गॅस बारीक करतात तसा.

मीटरला पायांतलं कळतं, उन्हातलं नाही.
तोच एकशे सत्तर
पाचव्या किलोमीटरला हलका होता,
पंधराव्याला डांबरासारखा चिकटतो.
दोन्हीकडे तोडलेल्या उसाचं पाचट,
ओठांवर मीठ,
बाटलीतलं आमसुलाचं पाणी चहाइतकं गरम.

वळणावर एक बाई रबरी नळी घेऊन उभी.
डोक्यावर धार सोडली आणि ओरडली,
"निधान! निधान!"

कानडीत म्हणजे, हळू.
माझ्या घरात म्हणजे, पुरून ठेवलेलं धन.

एकशे पासष्ट.

सायकल ठेवली, बूट चढवले.
धावण्याच्या चौथ्या किलोमीटरला
निळी जर्सी बाभळीच्या चतकोर सावलीत,
पाय लांब करून.
तिला मागे टाकलं असं नाही म्हणता येणार,
ती बसलेलीच होती. हात हलवला तिनं,
जा म्हणून.

मग मी उकरायला घेतलं.
होतं, थोडं होतं अजून.