म उरतो

शनिवारी चेल्याबिन्स्कहून माणूस येणार आहे.
त्याला प्रत्येक नाण्याचं माहेर लिहून हवंय,
त्याशिवाय तो भाव सांगणार नाही.

हलव्याच्या पत्र्याच्या डब्यात एकशे बारा.
सगळी पाच कोपेकची, जुन्या राणीच्या काळातली,
बिस्किटाएवढी आणि खिसा फाटेल इतकी जड.
प्रत्येकाला येमेल्यानची चिठ्ठी,
पुडीच्या कागदावर.
कागद माझ्या दुकानातले.
एकतीस वर्षं मी पेर्ममध्ये औषधं तोलली
आणि रविवारी तो माझ्याच काट्यावर तांबं तोलायचा,
पारड्यात हिरवट धूळ सोडून जायचा.
आमची निम्मी भांडणं त्या धुळीवरून.

आता भिंग माझ्याकडे आहे.
गरुडाच्या एका बाजूला एक अक्षर, दुसऱ्या बाजूला एक.
ये असेल तर येकातेरिनबुर्ग, उरलच्या पलीकडचं.
आ असेल तर आन्निन्स्कोये, आपल्याच मुलुखातलं,
ते सापडलं की तो शेजाऱ्यांना चहाला बोलवायचा.
का म्हणजे कोलिवान.
त्या तांब्यात चांदी राहून गेलेली, म्हणून नाणं हलकं,
आणि गरुडाऐवजी दोन सेबल,
कुणी दार उघडतंय का बघत उभे असल्यासारखे.

दुसरं अक्षर सगळीकडे म.
शंभर वर्षं बोटं फिरली, शंभर वर्षं मातीत गेली,
पहिलं अक्षर पुसलं जातं.
म उरतो.
म वरून काहीच कळत नाही.

"अक्षर गेलं तर कड बघ, अग्निया.
कड जाळीची आहे की तिरक्या रेघांची?
मग शेपटीची पिसं मोज."
मी तेव्हा कांदा चिरत होते. हो हो म्हणाले.

एक नाणं खिडकीशी आडवं धरलं
फेब्रुवारीच्या त्या पातळ उजेडात,
तर राणीच्या नावाखाली ढोल.
झेंड्याचा दांडा मुकुटातून आरपार.
नवऱ्याने पाडलेली दहाची नाणी,
नवरा गेला, बायको बसली,
तिने त्याच तांब्यावर स्वतःचं नाव ठोकलं.
दहाचे पाच झाले.
ढोल काही पुरते मेले नाहीत.

या नाण्याची चिठ्ठी बघितली.
ये लिहून खोडलेलं.
त्यावर म, तोही खोडलेला.
खोडून खोडून कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
खाली प्रश्नचिन्ह, आणि तारीख,
इस्पितळात नेलं त्याच्या आदल्या रात्रीची.

कड बघितली. जाळी.
पिसं मोजली, दोनदा, दोन वेगळे आकडे आले.
शेवटी पेन्सिल ओठांत ओली करून
मी लिहिलं ये.
जोर देऊन लिहिलं, तरी त्याचा म खालून दिसतोय,
आणि त्याच्याखाली त्याचाच ये.

शनिवारी एकशे अकरा देईन.
विचारलंच तर म्हणेन, मोजताना चुकले.
औषधवाली बाई मोजताना चुकत नाही
हे चेल्याबिन्स्कच्या माणसाला कुठून ठाऊक असणार?